शेवटी हात कुणाचा लागला?

‘गड्यानं जाळला.’

माळ्यावरच्या रेडिओबद्दल कुणी विचारलं, की आमच्या घरात एवढं एकच उत्तर मिळायचं. आजी ते वैतागून सांगायची, बाबा सहज सांगायचे आणि मी हसत सांगायचो. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करताना तर हॉस्टेलवर मी ही गोष्ट चांगली रंगवून सांगत असे. रिसोड तालुक्यातलं वीज नसलेलं गाव, घरात बॅटरीवरचा रेडिओ, आणि आमच्या सालगड्यानं प्लग उलटा बसवून दीड व्होल्टच्या जागी नव्वद व्होल्ट सोडले. पोरं हसायची. मीही हसायचो.

या संक्रांतीला सुट्टी काढून गावी गेलो आणि तो रेडिओ खाली काढला. पुण्यात माझी नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. हातात सोल्डरिंग आयर्न धरून बरीच वर्षं झाली होती. चार दिवस काहीतरी हातानं करावं, एवढंच मनात होतं. रेडिओ दुरुस्त झाला. ती गोष्ट मात्र टिकली नाही.

*

ज्यांनी रेडिओ फक्त फोनवर ऐकलाय, त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. ट्रान्झिस्टर येण्याआधी रेडिओत व्हॉल्व्ह असत. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून बंद केलेली काचेची नळी. तिच्यात केसासारखी बारीक तार असते, तिला फिलामेंट म्हणतात. ते तापलं की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या धन पट्टीकडे ओढले जातात. म्हणून बॅटरीवर चालणाऱ्या अशा रेडिओला दोन वेगळे पुरवठे लागतात. फिलामेंट तापवायला दीड व्होल्ट आणि इलेक्ट्रॉन ओढायला नव्वद व्होल्ट. आमच्या रेडिओसाठी दोन्ही मिळून एकच जाडजूड, वजनदार पॅक यायचा. तो संपला की आजोबा अकोल्याहून नवा आणायचे. तो महाग होता, त्यामुळे रेडिओ बातम्यांपुरता आणि ठरावीक गाण्यांपुरताच लागायचा.

आमच्या सेटमध्ये डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६ आणि डीएल ९६ असे चार व्हॉल्व्ह आहेत. त्यांची फिलामेंट इतकी काटकसरी, की चौघांचं मिळून सव्वाशे मिलीअँपिअरवर भागतं. पण म्हणूनच ती नाजूकही आहेत. दीड व्होल्टच्या जागी चुकून नव्वद आले, तर डोळ्याची पापणी लवायच्या आत चारही जातात. हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

त्या काळी रेडिओ बाळगायला परवाना लागायचा. पोस्टात दरवर्षी फी भरायची आणि पुस्तिकेत तिकीट लावून घ्यायचं. १९८०च्या दशकात ही पद्धत संपली. आमची पुस्तिका रेडिओच्या मागच्या पुठ्ठ्यात खोचलेली सापडली. शेवटचं तिकीट १९६९चं. म्हणजे घरात सांगतात ते साल तरी बरोबर होतं.

बाबा तेव्हा अकरा वर्षांचे होते. श्रावणात आजोबांनी नवा पॅक आणला. दोन दिवस रेडिओ वाजला आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बातम्यांच्या वेळेला मुका झाला. हात कुणी लावला, असा प्रश्न निघाला. बाबांनी दुपारी सालगड्याला ओसरीवर रेडिओचं बटण फिरवताना पाहिलं होतं. त्यांनी ते सांगितलं. पुढच्या आठवड्यात आजोबांनी बाजाराच्या गावी एका रेडिओवाल्याला विचारलं. सेट नेला नव्हता, नुसतंच विचारलं. तो म्हणाला, नवा पॅक लावल्यावर बंद पडला म्हणजे जोडणी उलटी झाली असेल, व्हॉल्व्ह गेले असतील. बैलगाडी घरी पोचेपर्यंत त्यातला ‘असेल’ गळून पडला होता.

आमच्याकडे सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं आणि पुढच्या पाडव्याला सरतं. त्याचं साल श्रावणातच मोडलं. पाडव्यापासून तोवर केलेल्या कामाचे जे पैसे निघत होते, ते रेडिओच्या नुकसानीत वळते झाले. त्याच दिवाळीत घरात ट्रान्झिस्टर आला.

*

जुना रेडिओ हातात आला, की मोह होतो तो लगेच बॅटरी लावून बघण्याचा. तो आवरायचा. आधी नुसतं बघायचं, मग वास घ्यायचा. जळलेल्या गोष्टीचा वास वर्षानुवर्षं जात नाही. आमच्या रेडिओला धुळीचा, उंदरांचा आणि जुन्या मेणाचा वास होता. जळल्याचा नव्हता.

दुसरी पायरी फिलामेंटची. या नळ्यांना खाली सात पिना असतात. एक आणि सात नंबरच्या पिनांवर फिलामेंटची टोकं येतात. व्हॉल्व्ह सॉकेटमधून काढायचा, मल्टिमीटर त्या दोन पिनांना लावायचा. तार अखंड असेल तर मीटर काही ओहम दाखवतो, तुटली असेल तर काहीच नाही. मी पहिला व्हॉल्व्ह काढला तेव्हा माझी खात्री होती, की तो तुटलेला निघणार. कुठून मागवायचे, किती पैसे जातील, याचा हिशेब डोक्यात सुरूसुद्धा झाला होता. पण तार अखंड होती.

दुसरा अखंड. तिसरा अखंड. चौथा, डीएल ९६, तोही अखंड.

मी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मीटरचा सेल तपासला. मग बॅटरीच्या केबलचा प्लग बघितला. काही सेटना दोन बॅटऱ्यांसाठी दोन वेगळे प्लग असत आणि त्यांची अदलाबदल होऊ शकायची. त्या रेडिओवाल्याच्या डोळ्यासमोर तसा सेट असावा. आमच्या सेटला चार टोकांचा एकच प्लग आहे. टोकं सारख्या अंतरावर नाहीत. तो एकाच बाजूनं बसतो. उलटा बसवायचा म्हटलं तरी बसत नाही. मी बसवून पाहिला.

मग बंद कशानं पडला? रेडिओत दोष शोधायची जुनी रीत अशी, की शेवटाकडून सुरुवातीकडे यायचं. आधी स्पीकर. त्याच्या तारांना साधा सेल क्षणभर टेकवला, ‘टक्’ असा आवाज आला. स्पीकर जिवंत. त्याच्या आधी आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे व्हॉल्व्हचा प्रवाह स्पीकरला झेपेल असा करून देणारं छोटं लोखंडी खोकं. त्याच्या व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीत केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. मीटर लावला. काहीच नाही. तार आत कुठेतरी तुटलेली. वरचा कागद सोलला, तर खाली हिरवे डाग. तांबं गंजलं होतं. दमट हवा, कागदातले क्षार आणि सतत एकाच दिशेनं वाहणारा प्रवाह यांनी बारीक तार हळूहळू खाल्ली जाते. जुन्या रेडिओंचा हा अगदी नेहमीचा आजार आहे. त्याला कुणाचा हात लागत नाही.

बाकीचं काम सरळ होतं. मेणकागदाचे जुने कपॅसिटर बदलले. ते गळके झाले असले, तर चांगला व्हॉल्व्हही वाया जातो. ट्रान्सफॉर्मरच्या जागी मंगल कार्यालयांच्या लाऊडस्पीकरमध्ये असतो तसा एक छोटा लाइन ट्रान्सफॉर्मर चालतो. तो रिसोडला एका साउंडवाल्याकडे मिळाला. तसला पॅक आता मिळत नाही, म्हणून नऊ व्होल्टच्या दहा चौकोनी बॅटऱ्या एकीला एक जोडून नव्वद व्होल्ट केले. फिलामेंटला टॉर्चचा एक मोठा सेल. छतावरून लिंबाच्या झाडापर्यंत वायर ताणून एरियल केला.

बटण फिरवलं. हे व्हॉल्व्ह तापायला वेळ घेत नाहीत आणि अंधार असल्याशिवाय त्यांचा उजेडही दिसत नाही. आधी खरखर आली. ती घरातल्या एलईडी दिव्यांची आणि चार्जरची होती. सगळे बंद केले. अंधार पडला होता. सूर्य मावळला, की मीडियम वेव्ह आकाशातून परावर्तित होऊन फार लांबून येते. कुठल्याशा केंद्रावर एक बाई हिंदीत बातम्या देत होती.

बाबा दारात उभे होते. ‘वाजला’ म्हणाले. मग म्हणाले, ‘व्हॉल्व्ह कुठून आणले?’

‘जुनेच आहेत,’ मी म्हणालो.

*

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असं आपण म्हणतो. संस्कृतात याला काकतालीय न्याय म्हणतात. कावळा ताडावर बसला, त्याच क्षणी ताडाचं फळ पडलं. म्हणून कावळ्यानं ते पाडलं असं होत नाही. ही म्हण सगळ्यांना पाठ आहे. तरी रेडिओ बंद पडला, की आपण फांदी तपासत नाही, कावळ्यालाच धरतो. कारण कावळा दिसतो. आतून किडलेली फांदी दिसत नाही.

याची सगळ्यात क्रूर आवृत्ती म्हणजे पायगुण. नवी सून घरात आली आणि त्याच महिन्यात बैल मेला, तर बैलाला काय झालं होतं हे कुणी विचारत नाही. शेवटी घरात कोण आलं, हे विचारतात. आणि हे जुन्या काळातच होतं असं नाही. ऑफिसात सर्व्हर पडला, की पहिला प्रश्न असतो, शेवटचा बदल कुणी केला? प्रश्न म्हणून तो योग्यच आहे. तिथूनच शोध सुरू करायला हवा. अडचण अशी, की बहुतेक वेळा शोध तिथेच संपतो.

मराठीत दोष हा शब्द दोन क्रियापदांना लागतो. दोष शोधणं आणि दोष देणं. ऐकायला ती एकाच कामाची दोन टोकं वाटतात. रेडिओसमोर बसल्यावर मला ती एकमेकांच्या विरुद्ध वाटली. दोष दिला, की शोधणं थांबतं. आमच्या घरी नेमकं तेच झालं. ‘गड्यानं जाळला’ हे ठरल्यावर मागचा पुठ्ठा उघडायची कुणाला गरज वाटली नाही. चार स्क्रू होते. पन्नासहून जास्त वर्षं ते तसेच राहिले.

आपल्याकडच्या नैयायिकांनी कारण ठरवायला अन्वय आणि व्यतिरेक अशा दोन कसोट्या सांगितल्या आहेत. हे असलं की ते असतं, हा अन्वय. हे नसलं की ते नसतं, हा व्यतिरेक. दुरुस्ती करणारा माणूस हेच करतो. एक भाग काढतो आणि काय बदलतं ते बघतो. एका वेळी एकच. आमच्या घरानं काढला तो माणूस. माणूस गेला, रेडिओ तसाच मुका राहिला. व्यतिरेकाची कसोटी तिथेच फसली होती. ती कुणी लावलीच नाही.

इथे मला स्वतःशीही प्रामाणिक राहायला हवं. १९६९ साली रेडिओ याच ट्रान्सफॉर्मरमुळे बंद पडला, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. तार नंतर माळ्यावर पडून गंजली असेल. तेव्हा नवा पॅकच खराब निघाला असेल. आज सापडलेला दोष हा त्या दिवशीचाच दोष आहे, असं मानणं म्हणजे पुन्हा तीच घाई. पण एक गोष्ट मी शपथेवर सांगू शकतो. त्या फिलामेंटमधून नव्वद व्होल्ट कधीही गेलेले नाहीत. ज्या गुन्ह्यासाठी त्या माणसाचं साल मोडलं, तो गुन्हा घडलेलाच नाही. काय झालं ते यंत्र पूर्ण सांगत नाही. काय झालं नाही, ते मात्र स्वच्छ सांगतं. एखाद्याला दोषमुक्त करायला तेवढं पुरतं.

*

‘मी खोटं नव्हतो बोललो,’ बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी आपण होऊन म्हणाले. ‘बटण फिरवताना मी पाहिलं होतं त्याला.’

ते खरंच आहे. अकरा वर्षांच्या मुलानं जे पाहिलं, तेवढंच सांगितलं. त्याच्या खऱ्या वाक्याचा मोठ्यांनी चुकीचा अर्थ लावला. पण तो गडी निघून गेल्यावरही बाबा पन्नास वर्षं ‘गड्यानं जाळला’ म्हणत राहिले. हे काही त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

मी म्हणालो, त्याच्या घरच्यांना सांगायला हवं. गडी वारल्याला बरीच वर्षं झाली आहेत, पण त्याचा मुलगा मालेगावला असतो. नाशिकच्या नाही, आमच्या जिल्ह्यातल्या. बाबा म्हणाले, ‘कायले उकरून काढतो आता? आजोबा गेले, आजी गेली, तोही गेला. तू तर तेव्हा जन्मलाही नव्हतास.’

हा प्रश्न सोपा नाही. आजोबांनी केलेल्या अन्यायाला मी जबाबदार कसा? नातवाच्या माथी आजोबांचा दोष मारणं म्हणजे पुन्हा दोष देण्याचाच खेळ. जे मी केलं नाही, त्याचा अपराध मला वारशात मिळू शकत नाही, असंच मला वाटतं.

पण वारशात मला आणखी काही मिळालं होतं. ही गोष्ट. ती मला कुणी जबरदस्तीनं सांगायला लावली नव्हती. हॉस्टेलवर ती मी माझ्या तोंडानं सांगितली. व्होल्टेजचे आकडे मी घातले. हशा मी घेतला. व्हॉल्व्ह म्हणजे काय, फिलामेंट कसं तपासायचं, हे त्याच वर्षी मी शिकत होतो. रेडिओ गावी माळ्यावर होता आणि मीटर माझ्या बॅगेत. तपासायला दहा मिनिटं लागली असती. त्या माणसाला खोट्या आळात ठेवणाऱ्यांमध्ये शेवटचा हात माझाच होता. तेवढ्यापुरतं तरी मला कुणाच्या मागे लपता येत नाही.

म्हणून मी एकटाच गेलो. तुटलेला ट्रान्सफॉर्मर आणि एक व्हॉल्व्ह रुमालात बांधून घेतला होता.

त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी लोक तिथे आणून टाकतात. वय साठीच्या पुढचं. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं नाही. मी सगळं सांगितलं आणि रुमाल सोडला. तेव्हा मात्र त्यांनी ट्रान्सफॉर्मर घेतला, चष्मा वर करून उजेडात धरला, नखानं तार खरवडली.

‘हे जळालं नाई, भाऊ,’ ते म्हणाले. ‘जळालेलं काळं असते. हे सडलं.’

मी म्हणालो, ‘हो काका. तुमच्या वडिलांची काहीच चूक नव्हती. तेच सांगायला आलो.’

त्यांनी ट्रान्सफॉर्मर परत रुमालात ठेवला. ‘आमाले तं मालूमच होतं,’ ते म्हणाले.

त्यात राग नव्हता. उपकाराची भावनाही नव्हती. मी एवढ्या लांबून जी बातमी घेऊन गेलो होतो, ती त्यांच्या घरात १९६९ पासून होती. बातमी होती ती फक्त आमच्यासाठी. त्यांच्या वडिलांना निर्दोष ठरवायला मी गेलो होतो; पण ते माझ्या निकालाची वाट बघत कधी थांबलेच नव्हते.

मी चाचरत पैशांचा विषय काढला. श्रावणापर्यंतच्या कामाचा हिशेब.

‘कोणत्या भावानं देतं?’ ते म्हणाले. ‘तवाच्या का आताच्या?’ आणि पहिल्यांदाच थोडं हसले. मग पुन्हा वायर गुंडाळायला घेत म्हणाले, ‘पैशाचं तुह्या संगं नाई बोलत मी. तुह्या बापानं पाह्यलं होतं ना? मंग त्यानं येऊन बोलावं.’

त्यांनी चहा मागवला. तो आम्ही प्यायलो. सोयाबीनच्या भावाबद्दल बोललो.

*

हा निरोप मी बाबांना जसाच्या तसा दिला. ते काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी वाशिमहून आत्या आली. दिवाणखान्यात ठेवलेला रेडिओ बघून म्हणाली, ‘अरे, हा तर गड्यानं जाळलेला ना?’

मी तोंड उघडणार होतो. त्याआधी बाबा म्हणाले, ‘नाही. तार सडली होती आतली.’

आत्यानं तिळाचा लाडू घेतला आणि दुसरं काहीतरी विचारलं.

मी निघायच्या दिवशी बाबा बसस्टँडवर सोडायला आले. गाडी लागली होती. म्हणाले, ‘पाडव्याला जाऊन येईन म्हणतो मालेगावला. हिशेबाचा दिवस असतो तो.’ मी बरं म्हणालो.

पाडवा अजून दीड महिना लांब आहे. फोनवर मी त्यांना त्याबद्दल विचारत नाही. रेडिओ चालू आहे का, एवढं विचारतो. ते म्हणतात, रोज संध्याकाळी घरातले सगळे दिवे बंद करून थोडा वेळ लावतो.